नदीपलीकडे दुसरं राज्य असेल, तर पुलासाठी निधी कसा मागायचा

फेब्रुवारी लागला की प्राणहितेच्या काठची आमची गावं अर्धी रिकामी होतात. माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाठोडी, भांडी, लहान लेकरं, कधी एखादी शेळीसुद्धा डोंग्यात बसते. नदी तेव्हा उतरलेली असते, पण मधली धार वाहतीच असते आणि डोंगेवाल्याला दोन वेळा तरी बांबू रोवून डोंगा सावरावा लागतो. पावसाळ्यात हाच घाट बंद. मग पलीकडच्या दवाखान्यात जायचं असेल, तर आधी आपल्याच तालुक्याच्या गावाकडे उलटं जायचं, तिथल्या पुलावरून नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठानं परत यायचं, तेही आपल्या घरातून समोर दिसणाऱ्या गावापर्यंत.

या काठानं मी ग्रामसेवक म्हणून बरीच वर्षं काढली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. निवृत्तीनंतरही नवे सरपंच, सदस्य, शिकलेली पोरं घरी येतात आणि विचारतात, "भाऊ, पलीकडे जायला पूल पाहिजे, निधी कुठून मिळतो?" सिरोंच्यापासून सालेकशापर्यंत, पैनगंगेच्या काठापासून मेळघाटातल्या धारणीपर्यंत विदर्भाला तीन राज्यांची सीमा लागते, आणि सगळीकडे हाच प्रश्न आहे. म्हणून मला माहीत आहे ते क्रमानं लिहितो. उदाहरण पुलाचं धरलं आहे, पण रस्ता असो की रपटा म्हणजे ठेंगणा पूल, कागदांची वाट हीच.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

'सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम' आणि 'व्हायब्रंट व्हिलेजेस' ही नावं ऐकून अनेक जण अर्ज करतात. या दोन्ही केंद्राच्या योजना देशाच्या सीमेवरच्या गावांसाठी आहेत. पहिली १९८६-८७ पासून चालत आली, दुसरी २०२३ मध्ये आली. महाराष्ट्राची जमीन कुठल्याही परदेशाला लागत नाही, त्यामुळे आपलं एकही गाव त्यात बसत नाही. एका ग्रामपंचायतीचा असा अर्ज मी पाहिला आहे. नकाशा जोडलेला, अंगठे आणि सह्या मिळून तीन पानं भरलेली. दीड वर्ष तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला आणि 'निकषात बसत नाही' एवढी एक ओळ घेऊन परत आला. त्या दीड वर्षात दोन पावसाळे गेले.

दोन राज्यांच्या मधल्या पुलासाठी वेगळी अशी मोठी पेटी नाही. पैसा येतो तो रस्त्याचा दर्जा, वस्तीची लोकसंख्या आणि जिल्ह्याची वर्गवारी बघून. 'आंतरराज्य' हा शब्द केंद्राच्या एका रस्ते योजनेत मात्र आहे. तिच्याकडे पुढे येतो.

पहिली पायरी: रस्त्याचा नंबर शोधा

पूल कधी एकटा मंजूर होत नाही. अमुक रस्त्यावरचा, अमुक किलोमीटरवरचा पूल म्हणून तो मंजूर होतो. म्हणून आपल्या गावातून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला नंबर आहे का, हे सगळ्यांत आधी बघायचं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा आणि राज्यमार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. २००१ ते २०२१ च्या रस्ते विकास योजनेची तालुकानिहाय यादी आणि नकाशा बांधकाम खात्याच्या उपविभागात बघायला मिळतो. शाखा अभियंत्याला भेटा, गावाचं नाव सांगा, नंबर, सुरुवात, शेवट आणि लांबी वहीत उतरवून घ्या.

इथे एक खाच आहे, आणि आमच्याकडची निम्मी प्रकरणं त्यातच अडकतात. रस्त्याचा नंबर गावातल्या चावडीपाशी किंवा शाळेपाशी संपतो. तिथून घाटापर्यंतचा जो तुकडा, ज्याच्यावरून शंभर वर्षं बैलबंड्या गेल्या, तो कागदावर रस्ताच नसतो. पांदण असते, कधी वनजमीन असते, कधी कुणाच्या सातबाऱ्यातली जागा असते. कागदावर नसलेल्या रस्त्यावर पूल बसत नाही. तेव्हा पहिली मागणी पुलाची नको, या तुकड्याची हवी: 'रस्त्याची लांबी नदीपात्रापर्यंत वाढवून त्यास क्रमांक द्यावा'. रस्ता ग्रामीण मार्ग असेल आणि तुम्हाला पुढे मोठ्या योजनेत जायचं असेल, तर सोबत दर्जोन्नतीचा प्रस्ताव द्या, म्हणजे इजिमा किंवा प्रजिमा करून मिळावा असा. दर्जोन्नतीला शासन निर्णय लागतो, वेळ जातो. ती बाकीच्या कामांच्या आधी सुरू करायची ती याचसाठी.

दुसरी पायरी: हेच सगळं पलीकडच्या काठावर

हे काम कुणी करत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त तळमळ याचीच आहे.

माझ्या नोकरीच्या काळात एका नाल्यावर, जिथून पलीकडे दुसरं राज्य लागतं, पूल झाला. आपल्या बाजूचं काम चांगलं झालं: खांब, स्लॅब, कठडे, आपला पोचमार्ग म्हणजे पुलाला जोडणारा रस्ता, सगळं. पलीकडे पुलाचं टोक जमिनीपासून दीड पुरुष उंच राहिलं, कारण त्या बाजूचा पोचमार्ग त्या राज्याच्या कुठल्याच यादीत नव्हता. लोकांनी रेतीची पोती रचून पायऱ्या केल्या. एक बाळंतीण त्या पोत्यांवरून हातावर उचलून उतरवलेली मी डोळ्यांनी पाहिली. कुणा एकाची चूक होती असं मी म्हणत नाही. आपल्या कार्यालयानं आपल्या हद्दीपुरतं बघितलं, त्यांच्या कार्यालयाला कुणी विचारलंच नाही. ती पोती दोन पावसाळे तिथे होती.

म्हणून एक दिवस काढा आणि पलीकडे जा. तिथल्या सरपंचाला भेटा, त्यांच्या बाजूच्या रस्त्याचा दर्जा विचारा. कार्यालयांची नावं वेगळी असतात, त्यात गोंधळू नका. तेलंगणात तालुक्याच्या जागी मंडल असतं आणि आपल्या गटविकास अधिकाऱ्याच्या जागी मंडल परिषद विकास अधिकारी. लोक त्यांना एमपीडीओ म्हणतात. मोठे रस्ते तिथे 'आर अँड बी' म्हणजे रस्ते व इमारती विभागाकडे, गावरस्ते पंचायत राजच्या अभियांत्रिकी शाखेकडे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये पंचायत समितीला जनपद पंचायत म्हणतात, आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागासारखं तिकडे लोक निर्माण विभाग. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावकडे हिंदीत पत्र चालतं. तेलंगणाच्या बाजूला पत्राची तेलुगू प्रत सोबत न्याच. काठावरच्या गावांत दोन्ही भाषा येणारी मास्तरीण किंवा दुकानदार सापडतोच, त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांच्या भाषेतला कागद दिला की समोरच्याला तो बाजूला ठेवता येत नाही, वाचावा लागतो.

जिवतीच्या डोंगरातल्या गावांसारखी परिस्थिती असेल, जिथे दोन्ही राज्यांच्या योजना पोचतात आणि दोन्ही मतदार याद्यांत नावं असतात, तिथे आणखी एक पथ्य पाळा. रस्त्याच्या एकाच लांबीला दोन्ही राज्यांकडे निधी मागू नका. कुठून कुठपर्यंत कुणाचं, हे लिहून घ्या. नाहीतर लेखापरीक्षणात दोन्हीकडचं काम थांबतं.

तिसरी पायरी: पुरावा जमवा, तोही पावसाळ्यापासून

'आमच्या गावाला पुलाची नितांत गरज आहे' हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. दोन गोष्टी मात्र प्रत्येक अभियंता वाचतो.

पहिली, पुराची खूण. पूल किती उंच आणि किती लांब लागेल ते सर्वोच्च पूर पातळीवर ठरतं. नाल्याला किंवा छोट्या नदीला मोजमाप केंद्र नसतं, तिथे गावाची खूणच उपयोगी पडते. पूर ओसरला की दुसऱ्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर, मंदिराच्या ओट्यावर, मोहाच्या किंवा चिंचेच्या खोडावर ऑइल पेंटनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. जुलै २०२२ च्या गोदावरीच्या पुराच्या अशा खुणा ज्यांनी ठेवल्या, त्यांच्याकडे आजही बोट ठेवून दाखवायला काहीतरी आहे. रेघेजवळ माणूस उभा करून फोटो काढा, म्हणजे उंची कळते. शक्य असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. बॅकवॉटरच्या गावांनी धरणाचं पाणी कुठपर्यंत चढतं तेही वेगळ्या रंगानं दाखवावं.

दुसरी गोष्ट म्हणजे ये-जा मोजणं. मी एका गावात हे करून पाहिलं. दोनशे पानी रजिस्टर आणलं, घाटावरच्या जांभळाखाली दोन पोरी आणि एक पोरगा पाळीनं बसवले, पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसात, आठवडाभर. रकाने साधे ठेवले: वेळ, जाणारे किती, येणारे किती, कशासाठी. एका पानावरच्या नोंदी मला अजून आठवतात. '६.१०, जाणारे ११, मिरची. ६.४०, जाणारे ४, शाळा. ७.०५, येणारी १, आजारी मूल, सोबत आजी. ७.३०, जाणारे २, मोटारसायकल डोंग्यात.' आठवड्याच्या शेवटी पोरांनी बेरीज केली तेव्हा गावातल्या लोकांनाच नवल वाटलं, कारण रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कुणी मोजली नव्हती. उपअभियंत्यानं ते रजिस्टर हातात घेतलं, पानं उलटली आणि पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसला. आठवडा निवडताना आठवडी बाजाराचा दिवस त्यात येईल असं बघा. एक मोजणी मिरचीच्या हंगामात करा, एक धान विक्रीच्या वेळी.

याला आणखी तीन कागद जोडा: पूल नसल्यानं पडणाऱ्या फेऱ्याचं किलोमीटरमधलं अंतर, मागच्या पावसाळ्यात किती दिवस घाट बंद होता, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडून संदर्भित रुग्ण कुठे पाठवले जातात याची माहिती. शेवटची माहिती वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी मागा; रुग्णांची नावं नकोत, फक्त संख्या.

चौथी पायरी: ठराव

ग्रामसभेचा ठराव लागतो. मासिक सभेचा पुरत नाही. साध्या ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती. ठरावात मोघम लिहू नका. रस्त्याचा क्रमांक, साखळी म्हणजे किलोमीटर, नदीचं नाव, पलीकडच्या गावाचं, मंडलाचं किंवा तहसीलचं नाव, पोचमार्गाला जागा देणाऱ्या शेतकऱ्यांची संमती, हे सगळं त्यात हवं. तसाच ठराव पलीकडच्या ग्रामसभेनं घ्यावा आणि दोन्ही ठरावांत एकमेकांचा उल्लेख असावा. ग्रामपंचायत विकास आराखड्यातही हे काम नोंदवून ठेवा.

पाणी आणि पूल मात्र एका ठरावात कालवू नका. 'पुलाच्या खालीच बंधारा घातला तर सिंचनही होईल' असं कुणीतरी सुचवतंच, आणि कल्पना चांगली असते. पण सीमेवरच्या नदीचं पाणी अडवायचं म्हटलं की विषय आंतरराज्य पाणीवाटपाचा होतो, गोदावरी लवादाच्या निवाड्याशी जुळवून बघावा लागतो आणि मंत्रालयाच्या वरच्या मजल्यावर जातो. मेडिगड्डा, तुम्मिडीहेट्टी आणि चनाखा-कोरटा या तीन बंधाऱ्यांसाठी महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांना २०१६ मध्ये करारावर सह्या कराव्या लागल्या, आणि मेडिगड्ड्याची पातळी १०० मीटर की जास्त यावर आधी बराच काळ वाद झाला. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना बुडिताचा प्रश्न काय असतो ते सांगायची गरज नाही. भंडाऱ्याचा बावनथडी प्रकल्पही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा मिळून. त्याला किती दशकं लागली ते तुमसर भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावाला पूल लवकर हवा असेल, तर पूलच मागा.

पाचवी पायरी: कुठल्या पेटीत हात घालायचा

केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी हा सीमेवरच्या पुलाला सगळ्यांत जवळचा. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून तो जमतो; कायदा २००० चा, २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन आताचं नाव आलं. त्यात 'आंतरराज्य जोडणी' असा स्वतंत्र भाग आहे आणि त्यातल्या कामाचा १०० टक्के खर्च केंद्र उचलतं. शेजारीच 'आर्थिक महत्त्वाचे रस्ते' हा भाग आहे, त्यात केंद्राचा वाटा ५० टक्के. प्रस्ताव राज्याच्या बांधकाम विभागामार्फतच दिल्लीच्या सडक परिवहन व महामार्ग मंत्रालयाकडे जातो, ग्रामपंचायतीचा थेट अर्ज चालत नाही. आणि ग्रामीण मार्ग या योजनेत बसत नाही. दर्जोन्नतीचा आग्रह मी धरतो तो यामुळे. खासदारांच्या पत्राचा खरा उपयोगही इथेच होतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, २०२८-२९ पर्यंत चालणार आहे. बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांसाठी तो आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागात ५००, पाचव्या अनुसूचीच्या आदिवासी भागात आणि आकांक्षित म्हणजे केंद्रानं मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत २५०, नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १०० लोकसंख्या अशी अट आहे. आपल्या राज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. गडचिरोली आकांक्षित जिल्हाही आहे, तेव्हा वस्तीची लोकसंख्या टोला-टोल्यानं काढून ठेवा. महसुली गावाच्या आकड्यात पाड्यांचा आकडा बुडून जातो. माडिया गोंड आणि कोलाम वस्त्या असतील तर पीएम-जनमन ही अतिमागास आदिवासी समूहांसाठीची केंद्राची योजना बघा. त्यात अशा १०० लोकवस्तीच्या पाड्यांनाही रस्ता मिळतो आणि बाकीच्या योजनांत अपुरी पडणारी संख्या तिथे पुरते. नक्षलग्रस्त भागातल्या रस्त्यांची डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेली स्वतंत्र योजना दक्षिण गडचिरोलीत बरीच वर्षं चालली. तिच्या यादीत तुमचा रस्ता आधीच आहे का आणि काम अर्धवट सुटलं आहे का, हे नवीन मागणी करण्याआधी तपासा.

राज्याच्या हातातली मोठी वाट म्हणजे नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधी, १९९५-९६ पासूनचा. हे राज्याला मिळणारं कर्ज असतं. रस्ते-पुलांना खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, उरलेलं राज्य घालतं. मध्यम लांबीच्या पुलासाठी माझ्या मते हीच वाट सगळ्यांत व्यवहारी आहे, कारण निर्णय मुंबईत होतो आणि आमदाराला त्याचा पाठपुरावा करता येतो.

जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते, अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. सर्वसाधारण योजना आणि आदिवासी उपयोजना दोन्हींत रस्ते-पुलांचे लेखाशीर्ष म्हणजे खर्चाची खाती असतात. कार्यालयात '३०५४' आणि '५०५४' असे आकडे कानावर येतील, त्यातलं पहिलं मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचं, दुसरं नवीन भांडवली कामाचं. या पैशातून मोठ्या नदीवरचा पूल होत नाही. पोचमार्ग, छोटा रपटा, मोऱ्या होतात. तो दीड पुरुष उंचीचा तुकडा पलीकडच्या राज्यात होता; तसा तुकडा आपल्या हद्दीत राहिला, तर तो या निधीतून होतो. पेसा म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्राच्या पंचायत कायद्यातल्या गावांना मिळणारा ५ टक्के अबंध निधी, ज्याचा खर्च गावानं ठरवायचा असतो, तोही घाटाकडच्या वाटेला लावता येतो.

चंद्रपूरचा कोळसापट्टा आणि सुरजागडच्या लोहखाणीच्या आसपासच्या गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित भागासाठी खाणमालकांकडून जमणारा निधी, विसरू नये. २०१५ च्या कायद्यानं ते आलं. २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित, २५ पर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित धरतात. रस्ते-पूल हे ज्या ३० टक्क्यांच्या भागात येतात, तिथे मागणाऱ्यांची गर्दी असते. खाणीच्या ट्रकांनी तुमचा रस्ता खचला असेल तर त्याचे फोटो जोडा, मागणीला धार येते.

सहावी पायरी: जंगल

आमच्याकडे दहातल्या आठ पोचमार्गांना जंगल लागतंच. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचून ठेवा. रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा १३ सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीवर उपवनसंरक्षकांच्या पातळीवर मिळू शकते. या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. हजेरी रजिस्टर नीट ठेवा, एका सहीसाठी प्रकरण परत आलेलं आहे. एक हेक्टरच्या वर गेलात की केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवरून वनसंरक्षण कायद्याखालचा प्रस्ताव, आणि तो मुद्दा मग वर्षांचा होतो. म्हणून आखणी करतानाच अभियंत्याला विचारा, पोचमार्ग थोडा वळवला तर हेक्टरच्या आत बसतो का?

पूर्व विदर्भात झुडपी जंगलाची भर आहे. सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद असली तर गुरचरणासारखी ती जमीन धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळाची परवानगी वेगळी. प्राणहितेच्या पलीकडच्या काठावर तेलंगणाचं अभयारण्य आहे, पेंचमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचं जंगल एकाला एक लागून आहे. आपल्या बाजूला मोकळं दिसलं तरी समोर काय आहे ते विचारा.

सातवी पायरी: दोन राज्यांना एका टेबलावर आणणं

राज्यांमधले प्रश्न सोडवायला १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं विभागीय परिषदा केल्या. पण महाराष्ट्र पश्चिम विभागात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्य विभागात, तेलंगणा दक्षिण विभागात. म्हणजे विदर्भाच्या तिन्ही शेजाऱ्यांपैकी एकही आपल्या परिषदेत नाही. एवढी लांब सीमा आणि नेमानं एकत्र बसायचं टेबल नाही, हे मला फार लागतं. त्यामुळे खालून जे जुळवता येईल तेच खरं. दोन जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक निवडणुकीआधी, पावसाळ्याआधी सीमा समन्वयाची बैठक घेतात. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पुलाचा विषय घालावा असं पत्र महिनाभर आधी द्या. इतिवृत्तात एक ओळ जरी आली, 'दोन्ही कार्यकारी अभियंत्यांनी संयुक्त स्थळपाहणी करावी', तरी पुढची सगळी पत्रं त्या ओळीचा हवाला देऊन लिहिता येतात.

संयुक्त पाहणीच्या दिवशी दोन्ही गावांचे लोक घाटावर असू द्या. तिथे चार गोष्टींचा निर्णय मागा: बांधणार कोणतं राज्य, खर्चाचा वाटा कसा, पोचमार्ग कोणाचा, आणि नंतर देखभाल कुणाकडे. चौथा प्रश्न सगळे विसरतात. दहा वर्षांनी कठडा तुटला की दोन्हीकडची कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

आठवी पायरी: मंजुरीच्या पायऱ्या आणि कॅलेंडर

पाहणीनंतर सर्वेक्षण, नदीत बोअर घेऊन खडकाची तपासणी, संकल्पचित्र, दरसूचीवरून अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यता मिळाली की गावात गुलाल उधळला जातो. मला त्या वेळी नेहमी थांबवावंसं वाटतं. मान्यता म्हणजे करायला हरकत नाही एवढंच. अर्थसंकल्पात त्या कामासमोर किती तरतूद पडली हे बघा. कोट्यवधींच्या कामासमोर नाममात्र रक्कम असेल, तर त्या वर्षी कुदळ लागत नाही.

जिल्हा नियोजनचा आराखडा हिवाळ्यात तयार होतो, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या असतात. त्यामुळे पुराच्या खुणा जुलै-ऑगस्टमध्ये, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, दिवाळीच्या आसपास पलीकडचा ठराव हातात, आणि नोव्हेंबरमध्ये संपूर्ण संच उपविभागात, असा क्रम ठेवा. नदीत बोअर घ्यायला पाणी उतरावं लागतं, तो काळ जानेवारी ते मे. तो एक हंगाम चुकला की वर्ष गेलं.

प्रत्येक पत्राची आवक क्रमांकाची पोच घ्या. एका फाइलमध्ये तारखेनं लावा. सरपंच बदलतात, अभियंते बदलतात. ती फाइल ग्रामपंचायतीच्या कपाटात राहिली पाहिजे, कुणाच्या घरी नाही.

पूल होण्याआधीच करायचं एक काम

पूल झाला म्हणून बस येत नाही. दुसऱ्या राज्यात एसटी जायची तर मोटार वाहन कायद्याखाली दोन राज्यांचा परस्पर वाहतूक करार असतो, आणि त्यात मार्ग, फेऱ्या, किलोमीटर ठरलेले असतात. नवा मार्ग त्यात घालून घ्यायला महिने लागतात. काम सुरू असतानाच आगारप्रमुखाला आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाला मार्गाची मागणी द्या, पलीकडच्या गावाला त्यांच्या परिवहन महामंडळाकडे तशीच मागणी करायला सांगा. सोबत घाटावरचं ते रजिस्टर जोडा, त्यातले येणारे-जाणारे हेच बसचे प्रवासी आहेत. रुग्णवाहिकेचंही आताच विचारून ठेवा: रात्री फोन केला तर कुठल्या राज्याची गाडी येणार, आणि ती पुलावर थांबणार की पलीकडच्या दवाखान्यापर्यंत जाणार. याचं उत्तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लेखी घ्या आणि आशाताईंच्या हाती त्याची एक प्रत द्या.